जवसाची चटणी, अर्धी भाकरी

माझी उदासी घेऊन मी मदत छावणीतल्या आहारतज्ज्ञ बाईंकडं जाते. मन कसंय, हे त्या विचारतच नाहीत.

“सकाळी काय खाल्लं?”

“चहा.”

“डॉक्टरच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. पण उपाशी पोटी मन लई घाबरतं, ताई.”

मग स्वतःचा डबा उघडतात. “मला एकटीला जेवण जात नाय,” म्हणत अर्धी भाकरी आणि जवसाची चटणी माझ्यापुढं सरकवतात. कुणी आपल्यासाठी जेवायला थांबल्यावर नाही कसं म्हणायचं? मी खाते.

परवा मला उशीर झाला. दारातूनच दिसलं, बाई जेवून रिकामा डबा धूत होत्या. मला बघताच त्यांनी पिशवीतून दुसरा डबा काढला.

“या, या. कवाची थांबलेय मी. लई भूक लागलीय.”

मी त्यांच्यासमोर बसले. भाकरी मोडली आणि पहिला घास मीच घेतला.