जाऊबाईंचं बक्षीस

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सरळ बोलताच यायचं नाही. दूध उतू गेलं तरी दोन ओळी, मांजर आडवं गेलं तरी दोन ओळी. लग्न होऊन मी मारेगावजवळच्या त्या गावात आले तेव्हा मॅट्रिकचा तोरा पदराला बांधूनच आले होते. मला वाटलं, बाई जरा चळलेल्या दिसतात. चार दिवसांत कळलं की त्या घरात शहाणं माणूस एकच आहे आणि ते चुलीपुढे बसून यमकं जुळवतं.

थोरले भाऊजी, म्हणजे त्यांचे मालक, अगदी अबोल. शेतातून यायचे, जेवायचे, बैलांशी दोन शब्द बोलायचे आणि झोपायचे. त्यांना ताट वाढताना जाऊबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणायच्या, “पऱ्हाटीले आलं बोंड, बोंडात पिकला कापूस, मालकाचं एक बोलणं, जसा माघातला पाऊस.” भाऊजी ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण त्यांच्या मिशा हलायच्या. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी एकदा भाजी खारट झाली म्हणून ताट सरकवलं, तर उत्तर तयार, “मीठ पडलं जास्त, भाजी झाली खारी, पाणी प्या दोन तांबे, बसा दमानं दारी.” दुसऱ्या कुठल्या सुनेनं असं म्हटलं असतं तर तिला माहेरचा रस्ता दिसला असता.

जाऊबाईंना मात्र ते माफ होतं, कारण आत्याबाईंना त्यांचा भारी अभिमान. कुठं लग्नाला जायचं तर सुनेला सोबत घेतल्याशिवाय त्या गाडीत पाय ठेवत नसत. उखाण्यांत पलीकडच्या बाया गारद झाल्या की आत्याबाई असा काही पदर सावरायच्या की जणू यमकं त्यांनीच पोटात वाढवली होती. एवढं एक सोडलं तर घरात सुनेचं काही चालत नसे. विहिरीवर कधी जायचं, माहेरी कधी जायचं, पोराला काय खाऊ घालायचं, सगळं आत्याबाई ठरवायच्या. जाऊबाईंनी त्या घरात स्वतःचं म्हणावं असं फक्त तोंड होतं.

त्यांचा पहिला मुलगा लहानपणीच गेला. त्याला देवी टोचली होती आणि पुढं महिन्याभरानं तो हगवणीनं गेला. आत्याबाईंच्या मनानं दोन गोष्टींची गाठ मारून टाकली. दुसरा नातू झाला, दादू, तेव्हा त्यांनी देवीला नवस बोलला की सात वर्षांचा करून त्याला तुझ्या पायावर घालीन, तोवर त्याच्या अंगाला सुई लागू देणार नाही. म्हातारी दुष्ट नव्हती. एक नातू तिनं स्वतःच्या मांडीवर जाताना पाहिला होता, आणि भ्यालेल्या माणसाशी वाद घालून जिंकलेलं मी तरी कोणी पाहिलं नाही.

बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. माघात देवीची साथ आली. तिचं नाव कोणी घेत नसे. अमक्याच्या घरी माय आली, एवढंच म्हणत. मग त्या घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, चुलीवर फोडणी बंद होई, आणि आत कोणी मोठ्यानं बोलत नसे. पलीकडच्या गावात डहाळे लागले तशा जाऊबाई दादूकडे बघत बसायला लागल्या. त्या कामात चुकायला लागल्या. सातव्या वर्षाला अजून दीड वर्ष होतं.

टोचणारा माणूस गावात आला, त्याला सगळे देवीडॉक्टरच म्हणत. त्या दिवशी आत्याबाईंनी जाऊबाईंना आणि दादूला कापसाच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. मला दारात उभं करून सांगायला लावलं की पोरगा मामाच्या घरी गेला आहे. मी तसं सांगितलं. खोलीत कापूस आढ्याला टेकलेला, तंतू नाकातोंडात जाणारे, आणि दादूला आधीच खोकला. देवीडॉक्टर ओसरीवर पाणी प्यायला, घाम पुसला आणि निघून गेला. आतून हूं की चूं झालं नाही. कडी काढली तर जाऊबाई पोराचं तोंड पदरानं दाबून बसलेल्या, केसांत कापूस, डोळे लाल. मी नंतर त्यांना विचारलं, एक हाक का नाही मारली? त्या म्हणाल्या, “डॉक्टर तं निंघून जाईन, बाई. मले इथंच राहा लागते.”

त्याच आठवड्यात ग्रामसेविका बाई सांगत आल्या की मारेगावला शाळेच्या पटांगणात देवीच्या लसीवर कवितांची स्पर्धा आहे. कोणीही यावं, लिहिता येत नसेल तर तोंडानं म्हणावं, पहिलं बक्षीस पितळेची घागर. मुकुटबनहून कोणाची तरी सून येणार आहे हे कळल्यावर आत्याबाईंना राहवेना. आपली सून घरी बसवून ती घागर मुकुटबनला जाऊ द्यायची की काय? लस-बिस सरकारचं काही असेल, कविता म्हणायला काय जातं, असं त्या म्हणाल्या. स्पर्धेला एक अट होती. ती ग्रामसेविका बाईंनी मागच्या दारी जाऊबाईंना सांगितली, आणि आत्याबाईंना सांगायची जाऊबाई विसरल्या. असं विसरायला फार डोकं लागतं.

भाऊजींनी बैल जुंपले आणि आम्ही सगळे, दादूसकट, गेलो. पटांगण भरलं होतं. आधी एका हेडमास्तरांनी कविता वाचली. तिच्यात देवीला राक्षशीण म्हटलं होतं आणि तिचा समूळ नाश करायला सांगितलं होतं. बायकांत कुजबुज झाली, कोणी कानाला हात लावले, एक म्हातारी तर नातवंडं घेऊन उठूनच गेली. घरोघरी डहाळे लागलेले असताना असं बोलतात का? मास्तर घाम पुसत खाली बसले.

मग जाऊबाईंचं नाव भोंग्यावरून पुकारलं, आणि लगोलग ती अटही. कविता म्हणणाऱ्यानं आधी घरच्या लेकरांचे दंड दाखवायचे; ज्याला टोचल्याची खूण नसेल त्याला तिथंच टोचायचं, मग कविता. स्टेजखाली देवीडॉक्टर ती गोल फिरवायची सुई घेऊन बसलाच होता.

आत्याबाईंनी दादूचा हात असा धरला की पोरगं कळवळलं. त्यांना सगळं एका क्षणात समजलं. भोंगा पुन्हा नाव घेत होता, आमच्या गावचे लोक मागून वळून पाहत होते. भाऊजी बैलांकडे बघत उभे राहिले. जाऊबाई आत्याबाईंसमोर मातीत बसल्या. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा सरळ बोलताना ऐकलं.

“आत्याबाई, तुमचा नवस मी मोडून राह्यलो. देवीले फुकट नाही मागत. लोक वांगं सोडतात, गूळ सोडतात. मी माह्यं हे जुळवणं सोडतो. एवढं आजचं म्हनतो, अन् मंग मेल्यावरी नाही.”

आवडीची वस्तू देवाच्या नावानं सोडायची आमच्याकडे रीतच आहे. पण हे सोडणं काय आहे ते आत्याबाईंइतकं कोणाला ठाऊक होतं?  त्यांनी दादूचा हात सोडला.

दादू रडला, सगळीच लेकरं रडत होती. त्याचा दंड धरूनच जाऊबाई वर चढल्या आणि भोंग्यासमोर म्हणाल्या:

“ये माय, बस ओसरीत, भरतो तुही ओटी,
दहीभात खाऊन नीघ, वाटेची नको खोटी.
लेकराच्या दंडावर तुहीच खूण, घे पाहून,
एकदा येऊन गेली माय, पुन्हा यावं काहून?”

टाळ्या वाजल्या नाहीत. बायकांनी हात जोडले. आणि मग एकेक उठून आपापलं लेकरू घेऊन त्या सुईपुढे रांगेत उभी राहायला लागली. घागर आम्हालाच मिळाली. परतीच्या वाटेवर ती आत्याबाईंच्या मांडीवर होती.

चैत्रात माय आमच्या गल्लीत आली. शेजारच्या घरची एक मुलगी गेली, दुसरीचा डोळा गेला. दादू त्यांच्याच अंगणात खेळणारा, पण त्याच्या अंगावर एक फोड उठला नाही. मला वाटलं, चला, आता सुईचं खरं ठरलं, म्हातारी मानेल आणि सून सुटेल. कसलं काय! आत्याबाईंनी देवीसमोर नारळ फोडला आणि गल्लीभर सांगितलं की सुनेनं सोडलेलं फळलं. झालं. दादू जितका धडधाकट राही, तितकी जाऊबाईंच्या तोंडावरची कडी घट्ट बसत गेली.

घर फार शांत झालं. मला ते सहन व्हायचं नाही. खरं सांगायचं तर आत्याबाईंनाही व्हायचं नाही. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, आज भाजी खारी झाली वाटतं. भाजी मी केली होती, अळणी होती. त्या घास हातात धरून सुनेकडे बघत थांबल्या. जाऊबाईंनी वर पाहिलं, ओठ उघडले आणि म्हणाल्या, “पाणी देऊ का?” म्हातारीनं मान हलवली आणि तो घास तसाच गिळला. त्या दिवशी मला दोघींचीही दया आली.

पुढं सात-आठ वर्षांनी आत्याबाई वारल्या. त्याच सुमारास माझ्या यजमानांना यवतमाळला नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. सामान बांधताना मी जाऊबाईंच्या मागेच लागले. म्हटलं, नवस ऐकणारी गेली, आता तरी दोन ओळी म्हणा, मला जन्मभर पुरतील. मॅट्रिकचं ज्ञान पाजळून लस म्हणजे काय तेही समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मले का समजत नाही, बाई? सुईनंच वाचला तो. पण मी बोललो अन् उद्या त्याले साधा ताप आला, तं मी कोणाले तोंड दाखवू?”

मी ट्रंकेला कुलूप लावलं. 

यवतमाळची मोटार आली. दादू आता चांगला उंच झाला होता, आमची ट्रंक घेऊन तो शिडीनं टपावर चढला. जाऊबाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचे ओठ हलत होते, नजर माझ्यावरच होती, आणि मला खात्रीनं वाटलं की आता दोन ओळी येणार. तेवढ्यात वर दादूचा पाय जरासा घसरला. त्यांनी माझा हात सोडला, वर पाहिलं, आणि म्हणाल्या,

“दादू, हळू उतर.”