काट्यावरचा झोत

भानुदास टिपणीस दुबईला वारा विकायचा. रास अल खोरला त्याचं एसीची हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट बनवायचं वर्कशॉप होतं, आणि कुठल्या जाळीतून निघालेला थंड झोत कुणाच्या मानेवर जाऊन आदळेल, हे तो न बघता सांगे. कुणी विचारलं नाही तरी सांगे. एका लग्नात अक्षता हातात धरून "हॉलवाल्याला बोलवा, एसीच्या झोताचा थ्रो चुकलाय," असं तो स्टेजवरूनच ओरडला होता, हे त्याची बायको संध्या आजही शपथेवर सांगते.

या माणसाला सत्त्याण्णव सालच्या सुमारास नेमबाजीचा नाद लागला. नेम यथातथाच. शहराबाहेरच्या क्लबात लक्ष्यापेक्षा लक्ष्याच्या मागची वाळूच त्याला जास्त ओळखत असे. पण रायफलीची काडतुसं हातानेही भरता येतात, प्रत्येकात दारू काट्यावर तोलून अगदी सारखी घातली तर गोळ्या एकाच जागी जाऊन बसतात, हे त्याला कळलं मात्र, आणि गडी खुलला! क्लबाची परवानगी काढली. हमदुल्ला नावाच्या पठाण रखवालदाराने भरणीची खोली उघडून दिली. खोली म्हणजे भट्टी. भानुदासने स्वखर्चाने तिथे एसी बसवला, तोही डोलणाऱ्या जाळीचा, आणि त्याचा झोत स्वतःच्या हाताने बरोबर टेबलावर आणला.

"तोलणाऱ्याला घाम येता कामा नये," असं त्याचं शास्त्र होतं.

आता काडतुसं झाली, झाडणारा हवा. तो शौकत मुकादम. मूळ दाभोळचा, अल कुसैसला चष्म्यांचं दुकान, बोलणं कमी आणि क्लबात नेम सगळ्यांत पक्का. शौकत कारखान्यात बनलेली काडतुसं वापरी. भानुदासला ते बघवेना.

"रेडीमेड? अरे, घरी संध्या असताना मी पाकिटातली पुरणपोळी खातो का?"

"पुरणपोळीचं माहीत नाही. गेल्या ईदला माझ्याकडे शेवया मात्र पाकिटातल्या आणल्यास."

"विषय बदलू नकोस. टीमच्या निवडीला माझी काडतुसं. यल्ला, ठरलं!"

निवडीच्या शुक्रवारी शौकतची एक गोळी वर गेली, दुसरी खाली, तिसरी पुन्हा वर. इतकी वर्षं टीममध्ये असलेला माणूस टीमबाहेर गेला. व्हरांड्यात सगळे चहाला बसले होते. शौकत हळूच म्हणाला, "भानू, काडतुसं एकदा बघशील का?"

एवढंच. पण भानुदासच्या शास्त्रालाच हात घातला गेला होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काडतुसं? सोन्यासारखी तोललीयत! चष्मे विकणाऱ्याने आधी स्वतःचे डोळे तपासावेत. डोळे नसतील तर हात गेले. वय झालं, शौकतभाई, खलास!"

व्हरांडा हसला. शौकतही थोडासा हसला, आणि पुढच्या शुक्रवारपासून क्लबात यायचा बंद झाला.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी भानुदास दारू तोलत होता. काट्याची दांडी खुणेवर अचूक स्थिरावली होती. तेवढ्यात एसी बंद पडला. त्याबरोबर, कुणी हात न लावता, दांडी खुणेवरून सरकली.

भानुदास बघतच राहिला. त्याने हमदुल्लाला हाक मारून एसी चालू करायला लावला. जाळी टेबलाकडे वळली की पारडं दबे, पलीकडे वळली की उचललं जाई. चालू, बंद, चालू, बंद.

"सेठ, ये क्या बच्चों का खेल है?" हमदुल्लाने विचारलं.

सेठच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. उभ्या दुबईला झोताचं गणित शिकवणारा माणूस स्वतःच्याच झोतात बसून दारू तोलत होता. एका काडतुसात कमी, एकात जास्त. शौकतच्या गोळ्या वरखाली होणार नाहीत तर काय!

घरी आल्यावर संध्याने विचारलं, "पोटात दुखतंय का?"

"नाही."

"मग एसीकडे पाठ करून का बसलायत?"

त्याने सगळं सांगितलं. संध्या आधी पोटभर हसली, मग थांबली. "मला सांगून काय उपयोग? लोक हसले ते व्हरांड्यात हसले."

भानुदास चष्म्याच्या दुकानात गेला आणि काचांच्या कपाटाशी बोलल्यासारखा म्हणाला, "येत्या शुक्रवारी ये. नुसता चहाला." शौकत आला. भानुदास त्याच व्हरांड्यात उभा राहिला आणि त्याने एसी, जाळी, काटा, काही न लपवता सांगितलं. लोक चहा सांडेपर्यंत हसले. "टिपणीस, आता पंखा लावा!" कुणीतरी ओरडलं. भानुदासला वाटलं, चला, आपल्यालाही हसले, फिटलं.

शौकत हसला नाही.

"डोळे मी त्याच संध्याकाळी तपासले," तो म्हणाला. "ठीक निघाले. म्हणजे हात गेले असं धरून चाललो. याच वयात अब्बांचे हात थरथरायला लागले होते, भानू. शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत जात नसे. रोज सकाळी दुकान उघडलं की मी चष्म्याचा एक स्क्रू बसवून बघतो, हात हलतो का."

"अरे, मग मला विचारायचंस ना!"

"तुलाच विचारलं होतं."

भानुदासला आपल्या हातांचं काय करावं कळेना. त्याने ते खिशात घातले.

क्लबाने शौकतची पुन्हा निवडचाचणी घेतली. भानुदासने एसी बंद करून, घामाने निथळत, नवी काडतुसं भरली आणि डबी पुढे केली. शौकतने ती बघितली, "राहू दे," म्हणाला, आणि बॅगेतून कारखान्याचा खोका काढला.

भानुदास दुर्बिणीला डोळा लावून बसला. एरवी दोन गोळ्यांच्या मधे त्याचा श्वासावर, खांद्यावर आणि जागतिक हवामानावर सल्ला चाले. त्या दिवशी गोळी कुठे लागली तेवढंच तो सांगत गेला. शौकत दरवेळी मान हलवून पुढचं काडतूस भरत राहिला, आणि त्याचे हात अजिबात हलत नव्हते, हे भानुदासला दुर्बिणीशिवायही दिसत होतं.