बस्त्यातलं डाळिंबी लुगडं

माझ्या बहिणीला तिच्या सासऱ्यांनी लग्नाच्या बस्त्यात फसवले आणि आळ माझ्यावर घातला. सांगलीच्या दुकानदाराचा त्यात काडीचा दोष नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या भागात गोष्ट उलटी सांगतात.

वडील लवकर गेले. रहिमतपूरच्या बाजारात मिरची विकून मी घर उभे केले. स्वतः विकणारा, त्यामुळे विकणाऱ्याच्या सगळ्या खोड्या मला पाठ. कुणाचा बस्ता बांधायचा असला, म्हणजे लग्नाची कापडखरेदी असली, की भाव करायला लोक मला घेऊन जात. बहिणीचे लग्न ठरले तेव्हा लढाई पेटली होती, पण कापडावर रेशन आले नव्हते. नवरा पलटणीतला, सुट्टीवर आलेला, म्हणून सगळीच घाई.

बस्त्याची रीत गमतीची आहे. नवरीचे लुगडे नवऱ्याकडचे घेणार, नवऱ्याचा पोशाख आणि त्यांच्या बायकांची मानाची लुगडी आम्ही घेणार. म्हणजे जो तो दुसऱ्याच्या पैशाने निवडतो. निवडणाऱ्याचा हात आपोआप वरच्या फळीकडे जातो आणि पैसे देणाऱ्याला खालच्या फळीतला माल एकदम देखणा दिसू लागतो. नवरीला कुणी विचारत नाही. मी मात्र हट्ट धरला की बहीण बरोबर येईल आणि तिचे लुगडे तीच निवडेल. व्याही हसून हो म्हणाले.

गाडीने मिरज, तिथून सांगली. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर आम्ही बसलो आणि लुगड्यांच्या घड्या धडाधड उलगडू लागल्या. मला चेव चढला. दुकानदाराने रीतीप्रमाणे आधी न परवडणारे दाखवले, मग एकदम हलके, म्हणजे मधले आपोआप पसंत पडावे. मी दोन्ही ढीग बाजूला सारले आणि बहिणीकडे पाहिले.

पोरगी आयुष्यात पहिल्यांदा दुकानात बसलेली. तिने गोमी काठाचे, रेशमी पदराचे एक डाळिंबी इरकली लुगडे ओढले. दारातल्या उजेडात नेले, उलट्या बाजूने पाहिले, पदर मुठीत चुरगळून सोडून दिला. मग पदराच्या दशीतला एक धागा तोडून दुकानदाराच्या देवापुढच्या उदबत्तीवर धरला. जळक्या केसांचा वास सुटला.

"रेशीम खरं हाय, दादा," ती म्हणाली. "ह्येच घ्यायचं."

दुकानदार पोट धरून हसला. व्याह्यांना म्हणाला, सून नाही, पारखी नेताय घरी. मला तर नाचावेसे वाटत होते. मग मी भाव करायला बसलो. दोनदा उठून रस्त्यावर गेलो, दोनदा त्याने हाताला धरून आत आणले, चहा पाजला. शेवटी सगळा बस्ता मी म्हणेन त्या किमतीला बांधला गेला. डाळिंबी लुगड्याचे पैसे व्याह्यांचे होते, तरी त्याच्यासाठीही मी तितकाच घसा कोरडा केला. गाठोडे रीतीप्रमाणे त्यांच्याकडे गेले.

लग्नाच्या दिवशी ते लुगडे नेसून बहीण बाहेर आली आणि पदर माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "दादा, ह्ये त्ये न्हाई."

रंग तोच, काठही तसाच, पण पदर बनावट रेशमाचा. माझे डोके फिरले. व्याह्यांना बाजूला घेऊन विचारले, तर ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे बोलले.

"आवं पावणं, तुमी लय ताणलंसा. एवढं ताणल्यावर दुकानदार गप बसतोय व्हय? बदलला आसंल माल."

मांडव खदाखदा हसला. पुढच्याच बाजारी माझ्या मिरचीच्या ढिगापाशी येऊन एक जण म्हणाला, "घास गड्या, लुगड्याचं फडकं हुईस्तवर घास." बस्त्याला मला बोलावणे त्या सालापासून बंद झाले.

त्या बाजारातूनच मी तसाच सांगलीला गेलो आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. दुकानदाराने सगळे ऐकून घेतले आणि मला गादीवर बसवले. बस्त्यानंतर दोन दिवसांनी व्याही एकटेच आले होते. डाळिंबी लुगडे परत देऊन त्याच रंगातले हलके मागितले, आणि जो फरक राहिला त्यात स्वतःसाठी रेशमी कोशा पटका घेतला. तो पटका मी लग्नात त्यांच्या डोक्यावर पाहिला होता. वरून छान शोभतो असेही म्हणालो होतो.

दुकानदाराची माफी मागून मी थेट बहिणीच्या सासरी निघालो. ती पाणवठ्याच्या वाटेवरच भेटली. मी सगळे सांगितले. तिने घागर खाली ठेवली आणि मला पुढे जाऊ दिले नाही. म्हणाली, "मला त्या घरात नांदायचंय, दादा. दारात येऊन भांडू नगंस."

दारात भांडलो नाही. आता तिच्या पदरात दोन मुले आहेत, तिचा नवरा पलटणीतून घरी आला आहे आणि व्याही ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अजून माझ्या घासाघिशीची गोष्ट सांगतात. म्हणून त्यांनाच इथे विचारतो. पोरीने चार लोकांसमोर पारखून घेतलेले लुगडे तुम्ही कुणाला विचारून परत केलेत? ते तुमच्या मनात नव्हते, तर दुकानात हो का म्हणालात? मला काही सांगू नका. ती तुमच्याच घरात आहे, रोज तुम्हाला भाकरी वाढते. तिला सांगा.