पेव्याच्या बुडातलं निर्माल्य

या परदेशी शहरात, यिशुन भागात, आमच्या ब्लॉकखाली रहिवाशांची सामाईक बाग आहे. तिथे वाफा मिळाल्यावर मी भेंडी-मिरची न लावता पेवा लावला. तो इथल्या रानातलाच. आमच्या कोकणातही रस्त्याकडेच्या दरडीवर उगवतो आणि त्याला कुणी विचारत नाही. माणसाहून उंच, वळत वळत चढणारा दांडा, टोकाला लाल बोंड आणि त्यातून निघणारं चुरगळलेल्या पातळ कागदासारखं पांढरं फूल. दुसऱ्या वर्षी त्या फुलात मोठा काळा भुंगा शिरला, तेव्हा ऑफिसला उशीर करून मी उभा राहिलो. परागांनी माखलेली पाठ घेऊन तो बाहेर आला.

मी घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेतून इथवर आलो ते पुष्कळांच्या मदतीने. त्यातलं एक जोडपं बुकित तिमाहला कॉन्डोत, म्हणजे उंची खासगी सोसायटीत राहतं. मी इथे नवा होतो तेव्हा भाड्याची खोली मिळेपर्यंत त्यांच्याकडेच जेवलो, झोपलो. म्हणून गणपतीनंतर त्या घरच्या वहिनी दोन पिशव्या घेऊन बागेत आल्या, तेव्हा माझ्या तोंडून नकार निघाला नाही.

"भाऊजी, निर्माल्य आहे. कचऱ्यात कसं टाकणार? झाडाच्या बुडात घातलं की झालं. खतच ते."

"तुमच्या कॉन्डोत एवढी झाडं आहेत, वहिनी."

"तिथे मॅनेजमेंट बोलतं हो. आणि वास येतो."

पेव्याच्या बुडात झेंडू, दूर्वा, हारांतली प्लॅस्टिकची जर, नारळाच्या करवंट्या पडल्या. वरून त्यांनी उरलेलं पंचामृत ओतलं आणि हात जोडले. मीही जोडले. मग आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर बातमी गेली की यिशुनला सोय आहे. सत्यनारायण झाला की पिशवी, संकष्टी झाली की पिशवी. पुढे पुढे लोक मला फोनही करेनात, पिशवी कुंपणाला अडकवून जात.

इथल्या दमट हवेत त्या सगळ्याचा करडा लगदा झाला. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत, वर माश्या घोंघावत, उकरलं की झुरळं पळत. दांडा हलवला तर बुडातून बुळबुळीत पाणी सुटे. तो आंबूस वास माझ्या नखांत राहू लागला. वरणभाताचा घास तोंडाशी नेला की यायचा. "बाबा, यू स्टिंक ला," मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली आणि ताट घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

बाग सांभाळणाऱ्या चिनी आंटी निवृत्त शिक्षिका आहेत. एका सकाळी त्यांनी मला एका करवंटीसमोर उभं केलं. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या उड्या मारत होत्या.

"तुझा देव मला मान्य आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हे डास कुणाच्या देवाचे? सरकारी तपासणीत सापडले तर सगळीकडे औषध मारतील. तुझे भुंगे मरतील, माझ्या मधमाश्या मरतील. रविवारपर्यंत साफ कर, नाहीतर वाफा सोड."

रविवारी मी लगदा काळ्या पिशव्यांत भरला. दोनदा बाजूला जाऊन ओकलो. अळ्यांचा राग येईना, त्या आपलं काम करत होत्या. किळस आली ती पिशवी रिकामी करून जोडलेल्या हातांची, आणि त्यांत माझेही होते. पेव्याचे कंद बोटांखाली लोण्यासारखे दबत होते. निम्म्याहून जास्त कापून टाकावे लागले.

तेवढ्यात वहिनी नवी पिशवी घेऊन आल्या. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांच्यादेखत मोठ्या कचराकुंडीत टाकली.

"भाऊजी, देवाचं होतं ते."

"देवाचं होतं, तर कुजायला माझ्याकडे का आणलंत?"

"आमच्याकडे राहत होतात तेव्हा असं बोलत नव्हतात."

"नव्हतो. तुमचे उपकार आहेतच, वहिनी. पिशवी मात्र आता आणू नका."

त्या निघून गेल्या. दिवाळीला फराळाचं बोलावणं आलं नाही. आंटींनी वाफा काढून घेतला नाही. पेव्याचे थोडे दांडे जगले आहेत, पण त्यांना अजून बोंडं धरलेली नाहीत. भुंगा येतो, वाफ्यावर घिरटी घालतो आणि शेजारच्या वांग्याच्या फुलावर जाऊन बसतो. तो गेला की मी थोडी माती उकरून नाकाशी नेतो. ती अजून आंबूस आहे.