टाळ्यांच्या जागी

माधुरी गेल्याचं दौंडहून तिच्या भावानं फोनवर सांगितलं. आजार माहीत होता, दिवस फार उरले नाहीत हेही माहीत होतं. तरी कान ते मान्य करायला तयार नव्हते...

ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढली, मुंबईत जाऊन दूरचित्रवाणीसाठी लिहू आणि दिग्दर्शन करू लागली. पुष्कळ मालिका केल्या, पण मनात एकच गोष्ट होती : शिरूरच्या आबांची तीन नाटकं पडद्यावर आणायची. आबा आमच्या भागातले जुने नाटककार. घोड नदीकाठच्या गावांत जत्रेला त्यांचं नाटक होणार हे ठरलेलं. टीव्हीला मात्र त्यांचा कायम नकार. शेवटी एकदा म्हणाले, "एक कर. पटलं तर बाकीची दोन देतो. आणि माणसं इथलीच घे."

म्हणून बापाच्या भूमिकेसाठी तिनं संपतमामांना घेतलं. मामा कांदा पिकवणारे, जत्रेत हाच बाप करत म्हातारे झालेले. नाटकात सासर सोडून आलेल्या मुलीला बाप उंबऱ्यातच अडवतो. चित्रीकरणात मामा कडाडले, "मुलगी दिली म्हणजे दिली. उसनी दिली नव्हती." आणि मान खाली घालून उभे राहिले.

"मामा, काय झालं?" माधुरीनं विचारलं.

"काय न्हाई. हितं टाळ्या हायेत."

"इथं कोण वाजवणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा. न्हाई थांबलो तर म्होरलं वाक्य वाहून जातं."

सगळे हसले. पुढच्या प्रत्येक वेळी मामा तिथंच थांबले; हाडात मुरलेलं होतं ते. मुलीचं काम करणारी रेखा, गावातलीच शिक्षिका, हळूच म्हणाली, "थांबू द्या त्यांना, ताई. तेवढ्यात मी डोळे पुसून घेते. टाळ्यांत माझ्याकडं कोण बघतंय?"

माधुरीनं कॅमेरा रेखाकडे वळवून घेतला आणि म्हणाली, "मामा, आता हवं तेवढं थांबा."

वाहिनीला ती शांतता नको होती. प्रेक्षक चॅनल बदलतील, असं त्यांचं म्हणणं. माधुरीनं दोन प्रवेश कापू दिले, शांततेला हात लावू दिला नाही.

आबांनी ते नाटक आपल्या बैठकीच्या खोलीत, तिला शेजारी बसवून पाहिलं. मीही होतो. तिचे उपचार तेव्हा सुरू झाले होते. बापाचं वाक्य आलं, मग कितीतरी वेळ नुसता रेखाचा चेहरा... आबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "इतकी वर्षं ही पोर तिथं उभी होती आणि मी बापाच्याच टाळ्या मोजत बसलो." मग तिच्याकडे वळून, "बाकीची दोन घे."

ती दोन तिच्या हातून व्हायची नव्हती.

गेल्या आठवड्यात त्या दोन नाटकांसाठी पुण्याहून एक दिग्दर्शक आला. आबांच्या त्याच खोलीत त्यानं वाचायला सुरुवात केली. भावांच्या वाटणीचा प्रवेश रंगात आला असताना आबांनी हात वर केला.

"यांची आई कुठं आहे?"

"आबा, तिला या प्रवेशात एकही वाक्य नाही."

"ते मला माहीत आहे. मीच दिलं नाही," आबा म्हणाले. "पण घरात आहे ना ती? कुठं उभी आहे ते आधी सांगा. मग पुढं वाचा."