व्हॉल्व पारखणाऱ्या मावशी

मावशींना कोणतीही नवी वस्तू दाखवा, त्या आधी तिच्यात बोट घालून बघत. मॅनेजर साहेबांनी नागपूरहून आणलेला थर्मास असो, ऑफिसातली शाईची दौत असो, की कुणाच्या सायकलचा नवा भोंगा. मावशींची तर्जनी आत शिरायची, गोल फिरायची आणि बाहेर येऊन थेट नाकापाशी जायची. मग निकाल लागायचा. थर्मासचा निकाल होता, "याच्या गळ्यात चहा बसून राह्यला, सायेब. वास मारन." साहेब हसले. चौथ्या दिवशी थर्मास खिडकीत उन्हाला उपडा पडलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. भोंग्याबद्दल मात्र त्यांनी मत राखून ठेवलं, आणि बोटाला लागलेली शाई आठवडाभर मिरवली.

आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं. डिप्लोमा घेऊन मी सेलूजवळच्या एका दूध डेअरीत ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो. हिंगणी, केळझर, पार जामच्या चौकापर्यंतच्या गावांचं दूध कॅनमधून तिथे यायचं. तापवून, थंड करून बाटल्यांत भरलं जायचं. मावशी तिथे धुण्याच्या कामावर होत्या. हिंगणीपलीकडे जंगलाच्या कडेला त्यांची गोंड वस्ती होती. रोजचं दूध संपलं की पाइपांवरचे तीसेक व्हॉल्व खोलायचे, प्रत्येकाचे भाग घासायचे, फडक्यावर ओळीनं मांडायचे आणि पुन्हा बसवायचे, हे त्यांचं काम. भाग मोजताना त्या गोंडीत मोजत आणि ओरडताना मराठीत ओरडत. एखादा नट कमी भरला की दोन्ही भाषा एकदम ऐकू यायच्या.

ते जुने व्हॉल्व अगदी साधे होते. एक स्टीलचं घर आणि त्यात बसणारा निमुळता गट्टू. गट्टू फिरवला की दूध चालू, पुन्हा फिरवला की बंद. वरचा एक नट काढला की सगळं हातात. दोष एकच, ते गळायचे. फरशी कायम ओली. मी नवीन, अंगात उत्साह मावत नव्हता. कॅटलॉग चाळून मी एक गेट व्हॉल्व निवडला. चाक फिरवलं की आतली पट्टी वरच्या टोपीत चढते आणि वाट पूर्ण मोकळी होते. गळती नाही, अडथळा नाही, दिसायला चांदीसारखा. दुधाच्या मोठ्या टाकीखाली बाटल्या भरायच्या पाइपावर तो बसवायचं ठरलं.

मावशींनी तो हातात घेतला. बोट आत घातलं, ते मधेच थांबलं.

"सायेब, हे वरतं काय हाय?"

"टोपी. पट्टी उघडली की तिथे जाते."

"मंग पट्टीसंगं दूधही वरतं जाईन. ते खाली कवा येईन?"

"पाणी सोडलं की धुऊन निघेल, मावशी."

"हा पान्याचा व्हाल हाय, दुधाचा नाई. जिथं माहं बोट नाई जात, तिथं ब्रश नाई जात. अन् जिथं ब्रश नाई जात तिथं किडा जाते."

मी डिप्लोमाधारक माणूस. मी त्यांना प्रवाहाचा अडथळा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, याचीच मला पुढे जास्त लाज वाटली.

व्हॉल्व बसला. फरशी कोरडी झाली, मॅनेजर साहेबांनी माझी पाठ थोपटली. दहा-बारा दिवसांत उन्हाळा तापला आणि वर्ध्याहून तक्रारी सुरू झाल्या. दूध चुलीवर ठेवलं की नासतं. स्टेशनजवळच्या चहावाल्यानं तर फाटलेल्या दुधाचं पातेलंच भरून पाठवून दिलं. टाकी तपासली, बाटल्या तपासल्या, काही सापडेना. शेवटी साहेबांनी सरळ हिशेब केला: दूध नासतं म्हणजे धुणं नीट नाही, आणि धुणं म्हणजे मावशी. सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, "बाई, उद्यापासून येऊ नका."

मावशींनी पदराला हात पुसले. "जातो मी. पन जायच्या आंधी तो टाकीखालचा व्हाल खोला. माह्यासमोर खोला."

तो खोलायला पाना लागला, चार बोल्ट लागले आणि अर्धा तास लागला. टोपी निघाली तेव्हा पुढे वाकलेली माणसं एकदम मागे सरली. आत पिवळट, घट्ट थर बसला होता आणि त्याचा वास भरणी विभागाच्या दारापर्यंत गेला. मावशी तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घ्या सायेब, चक्का तयार हाय. साखर तेवढी घाला."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. माझं प्रोबेशन संपायला दोन महिने होते. पण त्या बाईचं काम माझ्यामुळे जात होतं आणि ती माझं नावही घेत नव्हती. मी म्हणालो, "साहेब, हा व्हॉल्व मी निवडला. मावशींनी तेव्हाच नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही."

माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. मावशी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आल्या आणि काहीच झालं नाही अशा थाटात गट्टू घासायला बसल्या. दुपारी माझ्या टेबलावर त्यांनी पानावर मूठभर टेंभुर्णीची फळं आणून ठेवली. "खा. तोंड उतरून गेलं तुमचं," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मात्र आमच्या डेअरीत एक अलिखित नियम झाला. कुणी कितीही मोठ्या कंपनीचा विक्रेता व्हॉल्व घेऊन येवो, मॅनेजर साहेब आधी म्हणत, "मावशींना बोलवा." मावशी तीनच गोष्टी विचारत. पाना न लावता खुलते काय? बंद केल्यावर आत पानी साचते काय? अन् रबर कशाचं हाय? वाफेच्या पाइपाचे व्हॉल्व दाखवले की हात जोडत. "ते तुमचं तुम्ही पाहा. वाफ काही नासत नाई." मधे संत्र्याच्या रसाचा विभाग निघाला, तेव्हा मी एक नाजूक कमरेचा व्हॉल्व पसंत केला होता. मावशींनी बघूनच मान हलवली. "रस जाईन. चोथा इथंच मुक्काम करन." एव्हाना मी शहाणा झालो होतो. तो परत पाठवला.

रबराची त्यांची परीक्षा तर सगळ्या खात्यांत गाजली. मुंबईचा एक टायवाला विक्रेता तबकडी फिरणारा नवा व्हॉल्व घेऊन आला होता. व्हॉल्व खरंच देखणा होता. मावशींनी त्यातली रबरी कडी काढून नेली आणि थोड्या वेळानं सगळ्यांना चहा आणला. त्या माणसानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कसा झाला चहा?" मावशींनी विचारलं.

"बरा आहे. पण जरा... सायकलच्या ट्यूबसारखा वास येतो."

"मंग? तुमचीच कडी उकळली दुधात."

बिचारा लालबुंद झाला. पण माणूस सच्चा होता. महिन्याभरानं दुसऱ्या रबराच्या कड्या घेऊन स्वतः आला आणि पहिला चहा त्यानंच मागितला. ते व्हॉल्व आम्ही घेतले.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं आणि नवीन पद्धत आली. पाइप न खोलता, आतूनच गरम पाणी आणि सोडा फिरवून सगळं धुवायचं. त्यासाठी व्हॉल्वही वेगळे, आत कुठे कोपराच नसलेले, हवेच्या दाबानं आपोआप उघडणारे. नमुन्याचा एक आला. मावशी तीन दिवस त्याच्यामागे लागल्या. दूध सोडायचं, मशीननं धुवायचं, खोलून बघायचं. चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या.

"चांगला हाय. घ्या."

मला खुर्चीत बसवेना. "मावशी, हे घेतले तर रोज खोलून धुवायला माणूस लागणार नाही."

"मले काय समजत नाई काय?" त्या म्हणाल्या. "पन चांगल्याले वाईट कसं म्हनू?"

साहेबांनी त्यांना बागेचं काम देऊ केलं. दोन महिने त्यांनी ते केलं, मग स्वतःच सोडलं. निरोपाच्या दिवशी हार घातला, पेढे वाटले, भाषण करा म्हटल्यावर मावशी आधी लाजल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मशीन धुते, हे खरं. पन धुतलं का नाई, हे मशीन नाई पाहत. ते तुम्ही पाह्यजा." आणि हिंगणीची बस चुकेल म्हणून पेढा पदरात बांधून निघाल्या.

मी दर शनिवारी कोणताही एक व्हॉल्व खोलून बघायला लागलो. नवीन पोरं आपसात हसायची. वर्षभर काही सापडलं नाही. मग एका शनिवारी एका व्हॉल्वच्या कडीमागे साय धरलेली सापडली. कडी चिरली होती. मला इतका आनंद झाला की रविवारी सकाळीच मी स्कूटर काढून मावशींची वस्ती गाठली.

त्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. केस पुरते पांढरे झाले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कोणता व्हॉल्व, कुठली कडी, दूध नासायच्या आत कसं पकडलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"किती दिसाचं होतं?"

"आठवडाभराचं असेल, मावशी."

"मंग आठ दिवस उशिरा खोलला तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ती आमची शेवटची भेट. तेव्हापासून मी बुधवारीही एक खोलायला लागलो.