टॉक्सिनबाई

टॉक्सिनबाईला काहीही सांगा, त्याचं कारण टॉक्सिनच निघायचं. माझ्या पायांची सूज, तिच्या नणंदेचा तिरसटपणा, आमच्या सोसायटीतल्या बोअरिंगच्या पाण्याचा वास, सगळं टॉक्सिन. मी एकदा त्याचा अर्थ विचारला. "अगं, घाण गं, बॉडीतली," असं म्हणून तिने माझं अज्ञान माफ केलं. तिला हे नाव मीच ठेवलेलं, अर्थात तिच्या पाठीमागे.

मला सातवा महिना होता. नाहूरच्या आमच्या घरून मी रोज ऑफिसला जायचे आणि दुपारी टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला संध्याकाळी पायांत चढायच्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढी सूज या दिवसांत येतेच, पाय उंच ठेवून पड, पण बीपी तपासायला न चुकता ये. ऑफिसातल्या मैत्रिणीने हिचा नंबर दिला. घरी येऊन लिम्फॅटिक ड्रेनेज करते, म्हणजे हलक्या हाताने सूज उतरवते, म्हणाली. पार्लरमध्ये फेशियल करता करता बाईने दोन दिवसांचा कोर्स केला होता. त्या सर्टिफिकेटचा फोटो तिच्या मोबाइलच्या स्क्रीनवर देवाच्या जागी होता.

हात मात्र चांगला होता, हे कबूल करायला हवं. घडीचं टेबल उघडून ती मला डाव्या कुशीवर निजवायची आणि अंगावरून पीस फिरावं तशी घोट्यापासून मांडीकडे बोटं सरकवत न्यायची. "जोर लावला की मालिश झालं. हे मालिश नाही," असं म्हणायची, आणि तेवढं एक वाक्य ती खरं बोलायची. पाय हलके व्हायचे, मला झोप लागायची. तिने तोंड मिटून नुसते हात चालवले असते, तर आज मी तिच्याबद्दल भक्तिभावाने लिहिलं असतं.

पण तोंड मिटणं तिला जमत नसे. आल्याआल्या ती माझ्या पायांचा फोटो काढायची, कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या मिणमिणत्या उजेडात. काम झालं की मला खिडकीशी उजेडात बसवून दुसरा काढायची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून स्टेटसला टाकायची. "बघ, किती फरक!" फरक ट्यूबलाइट आणि उन्हातला होता. आणि डॉक्टरांचं नाव निघालं की नाक मुरडायची. "ते लोक मशीनवरचा आकडा बघतात गं. मी बॉडीचं ऐकते." हे ऐकून ऐकून मी एक तपासणी पुढे ढकलली. शिकलीसवरलेली बाई मी! तिच्याइतकीच मला स्वतःचीही चीड येते.

आठव्या महिन्यात एका सकाळी उठले तर तोंड सुजलेलं, बोटातली अंगठी निघेना, डोकं ठणकत होतं. टॉक्सिनबाई आली तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरांना फोन करू का?"

"वेडी आहेस का? टॉक्सिन बाहेर पडतायत. आज तोंडाचंही ड्रेनेज करू," ती म्हणाली, टेबल उघडून मला निजवलं आणि गालांवर बोटं फिरवायला लागली.

तेवढ्यात घाटकोपरहून माझी आई डबा घेऊन आली. आईने महापालिकेच्या प्रसूतिगृहात तीस वर्षं आयाचं काम केलेलं. तिने डबा ठेवला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत का?"

"हो."

"बाई, हात काढ."

"काकू, मध्येच थांबवलं तर टॉक्सिन अडकतील ना!"

"अडकू देत. तू बाजूला हो. आणि तू ऊठ गं, रिक्षा बघते."

हॉस्पिटलात बीपीचा वरचा आकडा एकशे ऐंशी निघाला. दुपारी सिझेरियन झालं. पावणेदोन किलोची माझी मुलगी अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. त्या अठरा दिवसांत कधीतरी टॉक्सिनबाईच्या स्टेटसवर झळकलं: 'माझ्या क्लायंटला कन्यारत्न. आई-बाळ सुखरूप.' खाली माझे पाय.

मुलगी घरी आल्यावर ती झबलं घेऊन हजर. "ड्रेनेज केलेलं म्हणून निभावलं हं. आता बाळंतपणानंतरचं पॅकेज घे." मी म्हटलं, "निदान बीपीचं मशीन तरी जवळ ठेव." ती हसली. मी दार लावून घेतलं.

वर्षभराने ती आमच्याच लिफ्टमध्ये भेटली, टेबलासकट. सातव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या गरोदर सुनेकडे निघाली होती. मी घरी जाऊन बीपीचं मशीन उचललं आणि तिच्या मागोमाग वर गेले. माझं काय झालं होतं ते सगळं त्या सुनेला सांगितलं, टॉक्सिनबाईच्या समोर. मग सुनेचं बीपी मोजलं. अगदी व्यवस्थित होतं.

"बघ! उगाच घाबरवतेस लोकांना," टॉक्सिनबाई विजयी स्वरात म्हणाली. सुनेने मात्र मला विचारलं, "ताई, हे मशीन कुठे मिळतं?"

तेव्हापासून मला पाहिलं की टॉक्सिनबाई लिफ्ट सोडते आणि टेबल खांद्याला अडकवून जिन्याने जाते. सात मजले. मला अजिबात वाईट वाटत नाही.